‘गद्दार’ म्हटलेल्या सरांसाठी उभे राहायचे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

पत्र गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून आले आहे. लिहिणारे चाळिशीतले, गावच्या फुटबॉल क्लबचे सचिव. त्यांना खेळ शिकवणारे सर १९९४ पासून थिवीहून स्कूटरने यायचे, आणि १९ वर्षे त्यांनी गावची पोरे घडवली. २०१३ मध्ये ते शेजारच्या गावच्या क्लबकडे गेले. पुढच्याच वर्षी त्या क्लबने अंतिम सामन्यात यांना १-० हरवले. त्या दिवशी दुसरा हाफ संपेपर्यंत सरांच्या बाकामागे ‘गद्दार, गद्दार’ चालले होते. ती घोषणा सुरू करणारे पत्रलेखक स्वतःच. त्यानंतर दोघे कधी बोलले नाहीत. यंदा जूनमध्ये सर वारले. शेजारच्या क्लबने चतुर्थीनंतर त्यांच्या स्मरणार्थ सामना ठरवून यांना बोलावले आहे. क्लबात आता भांडण लागले आहे. जुने खेळाडू म्हणतात, गुरू तो गुरू, जाऊया. तरुण मुले म्हणतात, गेलो तरी मौनाच्या वेळी पाठ करून उभे राहू. तिसऱ्या गटाला त्याच दिवशी आपल्याच मैदानावर वेगळा सामना हवा आहे. ‘क्लबाशी निष्ठा राखायची की गेलेल्या माणसाचा मान? आणि सरांचा फोटो क्लबच्या खोलीत लावायचा का?’ असे त्यांनी विचारले आहे.

सचिवसाहेब,

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्यातली अडीच पाने त्या २०१४ च्या सामन्याची आहेत. कॉर्नर कुणी घेतला, लाइन्समनचा झेंडा का वर गेला नाही, सगळे आहे. मी मात्र अडकले ते दुसऱ्या पानावरच्या एका वाक्याशी, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे: ‘खाणी बंद झाल्यावर ट्रकवाल्यांची वर्गणी आटली आणि सरांचे मानधनही जरा मागे पडले.’

जरा म्हणजे किती?

डिचोलीत राहणाऱ्या माणसाला मी २०१२ काय सांगणार. सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि रात्रंदिवस धूळ उडवणारे ट्रक घरापुढे उभे राहिले. बँकेचे हप्ते काही उभे राहिले नाहीत. अशा वेळी गावच्या क्लबचा कोच खर्चाच्या यादीत सगळ्यात खाली जातो, आणि त्याबद्दल मी तुमच्या तेव्हाच्या कमिटीला धारेवर धरणार नाही. पण हिशेब करून बघा. खाणी २०१२ च्या पावसाळ्याअखेर थांबल्या, सर २०१३ मध्ये गेले. मधले महिने ते येत होते, म्हणजे थिवीपासून तुमच्या गावापर्यंत स्कूटर बहुधा स्वतःच्याच पेट्रोलवर चालत होती. तुम्ही बाकामागे उभे राहून तो शब्द ओरडलात, तेव्हा तुमच्यापैकी कुणी क्लबची वही उघडून पाहिली होती का?

कोच क्लब सोडतो तेव्हा आपण म्हणतो, तो आपल्याला सोडून गेला. क्लब मानधन थांबवतो तेव्हा म्हणतो, काळच तसा होता. दोन्ही खरे असू शकते. मग काळाची सवलत फक्त क्लबला का? २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या आपल्या तीन मोठ्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. दिल्लीतल्या फुटबॉल फेडरेशनचा नवा आराखडा त्यांना मान्य नव्हता. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर वर्षानुवर्षे उन्हात बसणाऱ्या माणसांच्या हातून एका फटक्यात तीन संघ गेले. त्यांना कुणी गद्दार म्हटल्याचे मी तरी ऐकले नाही. शिव्या खाल्ल्या त्या दिल्लीने.

तुमच्या प्रश्नात ‘निष्ठा’ हा शब्द असा आला आहे, जणू ती सगळ्यांनी सारख्याच मापाने द्यायची वर्गणी आहे. मला ते पटत नाही. पाठीराख्याची निष्ठा वेगळी, शिकवणाऱ्याची वेगळी. पाठीराख्याला क्लब बदलता येत नाही, आणि त्यातच त्याची सगळी मजा आहे. आमच्या घरी वडील साळगावकरचे आणि मामा धेंपोचे. सामन्याला दोघे एकाच स्कूटरवरून जायचे आणि निकाल लागला की परतताना एक जण बसने यायचा. पण त्याच दोघांना टी. के. चातुण्णींबद्दल बोलताना ऐकले असते तर तुम्हाला गंमत वाटली असती. केरळचा हा माणूस साळगावकरचाही कोच होता आणि धेंपोचाही, आणि पुढे मोहन बागानला १९९७-९८ ची राष्ट्रीय लीग जिंकून द्यायला कोलकात्यालाही गेला. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मामाने मला फोन केला. पंचाऐंशीच्या घरातला माणूस, ऐकू कमी येते, तरी मोठ्याने सांगत होता, ‘आमचे चातुण्णी गेले गो!’ वडील असते तर ‘आमचे’ या शब्दावर तासभर वाद झाला असता. पण गद्दार? तो शब्द दोघांच्याही डोक्यात आला नसता. शिकवणे हे त्या माणसाचे काम होते, आणि काम जिथे मिळेल तिथे माणूस जातो. खाणपट्ट्यातल्या माणसाला हे मी सांगावे?

कोलकात्याचे उदाहरण तर तुमच्या जखमेवरच बोट ठेवते. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने आपल्या शहरातल्याच वैऱ्याला, मोहन बागानला, ५-० ने लोळवले. आपल्याकडे अजून कुणाला त्याची पूर्ण कल्पना येत नाही, पण बागानच्या माणसासाठी तो आकडा म्हणजे कायमचा डाग. ईस्ट बंगालच्या बाकावर होते पी. के. बॅनर्जी. आणि पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, तेच पी. के. मोहन बागानचे कोच झाले! १९७७ मध्ये पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसला ईडन गार्डन्सवर २-२ असे रोखणारा बागानचा संघ त्यांच्याच हाताखालचा. मग ते पुन्हा ईस्ट बंगालकडे गेले. १९९७ च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेकवर १,३१,७८१ माणसे आली होती. त्या दिवशी त्यांच्या ईस्ट बंगालने बागानला ४-१ हरवले, आणि समोरच्या बाकावर होते अमल दत्त, जे स्वतः दोन्ही क्लबांकडे राहून आलेले. दत्त २०१६ मध्ये गेले, बॅनर्जी २०२० च्या मार्चमध्ये. हे दोघे नेमके कुणाचे, याचा निकाल कोलकात्याने अजून लावलेला नाही आणि कुणाला लावायची घाईही नाही.

आता तुमच्या गावच्या गोष्टीच्या सगळ्यात जवळचे उदाहरण, जे तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. इंग्लंडमधले ब्रायन क्लफ. डर्बी काउंटी हा दुसऱ्या श्रेणीत रखडलेला क्लब. त्याला त्यांनी १९७२ मध्ये इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले. पुढच्याच वर्षी क्लबच्या अध्यक्षांशी बिनसले आणि ते राजीनामा देऊन बाहेर पडले. कमिटीशी भांडण, बरोबर तुमच्यासारखे. १९७५ मध्ये ते नॉटिंगहॅम फॉरेस्टचे मॅनेजर झाले. फॉरेस्ट म्हणजे डर्बीचा सख्खा वैरी. दोन शहरांत अंतर फोंडा-पणजीपेक्षा कमीच. तिथे त्यांनी लीग जिंकली आणि वर १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन चषक आणले. डर्बीच्या माणसाला काय वाटले असेल, ते तुमच्याइतके कुणाला कळणार?

२००४ च्या सप्टेंबरात क्लफ वारले. स्मरणसभा आधी डर्बीच्या कॅथीड्रलमध्ये व्हायची होती. लोकांची मागणी एवढी वाढली की ती डर्बी काउंटीच्या स्टेडियमवर न्यावी लागली, आणि तिथे चौदा हजारांच्या आसपास माणसे आली, डर्बीचा पांढरा आणि फॉरेस्टचा लाल स्कार्फ घालून. दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्याला नंतर त्यांचे नाव दिले गेले. दोन क्लब एकमेकांशी खेळतात तेव्हा त्यांच्या नावाचा चषकही असतो. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग असा की या सगळ्याने वैर एक तसूभरही कमी झालेले नाही. त्या चषकासाठी दोन्ही बाजू आजही दात-ओठ खाऊनच खेळतात. तुमच्या पोरांना भीती वाटते की तिकडे जाऊन उभे राहिलो तर आपला क्लब मऊ पडला असे होईल. तसे होत नाही. डर्बीने क्लफना मान दिला म्हणजे फॉरेस्टच्या चषकांना टाळ्या वाजवल्या असे कुणी मानत नाही. त्यांनी १९७२ ची टाळी वाजवली. तुम्ही १९९४ ते २०१३ ची वाजवा. बाकीची वर्षे वाजवायला शेजारचा गाव आहे.

त्या पोरांविषयी थोडे. तुम्ही लिहिता की पाठ करून उभे राहण्याची कल्पना एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांची आहे. म्हणजे २०१४ मध्ये ती सात-आठ वर्षांची होती. बहुतेकांनी सरांची शिट्टीही ऐकलेली नसेल. मग हा राग त्यांच्याकडे आला कुठून? तुमच्याकडून. बाजारातल्या तिंट्यावर, चहाच्या गाड्यावर, दर पावसाळ्यात ती एक गोष्ट तुम्ही सांगत आलात, आणि त्या गोष्टीत मानधनाचे वाक्य नव्हते. म्हणून आता ‘तरुण ऐकत नाहीत’ अशी तक्रार करू नका. बैठक बोलवा आणि राहिलेली अर्धी गोष्टही सांगा. सर पाऊस कोसळत असताना मळ्यात कसे उभे राहायचे, तुमच्यापैकी कुणाला त्यांनी बूट घेऊन दिले, कुणाच्या आईला जाऊन समजावले की पोराला परीक्षेनंतर खेळू दे. सांगताना ‘गद्दार’ची सुरुवात आपण केली हेही सांगा. पोरे त्यानंतरही नको म्हणाली तर तो त्यांचा निर्णय, पण पूर्ण ऐकून घेतलेला निर्णय.

आणि एक सवलत उघडपणे द्या: ज्याला उभे राहायचे नाही त्याने त्या एका मिनिटापुरते मैदानात येऊ नये. बाहेर गाडीपाशी थांबावे, ऑम्लेट खावे, मागून यावे. न येणे हा त्याचा अधिकार आहे. पाठ करून उभे राहणे ही वेगळी गोष्ट. ते दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवणाच्या पानाला पाय लावण्यासारखे. सरांना ते दिसणार नाही. त्यांच्या बायकोला आणि मुलीला दिसेल.

मौनाची धास्ती तुम्हालाच आहे असे नाही. २००८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघाताला ५० वर्षे झाली. त्या अपघातात २३ माणसे गेली होती, त्यांतले आठ मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू. नेमका त्याच आठवड्यात ओल्ड ट्रॅफर्डवर सामना होता मँचेस्टर सिटीशी. आपली काही माणसे मध्येच काहीतरी बोंबलतील, या भीतीने सिटीच्याच पाठीराख्यांच्या प्रतिनिधींनी सुचवले की मौनाऐवजी एक मिनिट टाळ्या वाजवूया. टाळ्यांत एखादी शिवी बुडून जाते, शांततेत ती एकटी उभी राहते. युनायटेडने मौनच ठेवले. आणि सिटीची माणसे एक शब्द न काढता उभी राहिली. मृतांमध्ये फ्रँक स्विफ्टही होते, सिटीचे जुने गोलकीपर, त्या विमानात पत्रकार म्हणून बसलेले. मग शिट्टी झाली आणि सिटीने सामना २-१ जिंकला. मला यातले शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे वाटते.

तुमच्या ठिकाणी मात्र मी टाळ्याच सुचवीन, कारण गावच्या मैदानाला भिंत नसते. मौन सुरू झाले की नेमकी कदंबची बस हॉर्न देत जाते, कुणाचा तरी मोबाइल आरती म्हणू लागतो, कुत्रे आत शिरते. मग कुणीतरी हसते आणि दुसऱ्या गावाला वाटते मुद्दाम हसले. मौनच ठरले तर आपल्या शोकसभेतली दोन मिनिटे नकोत, फुटबॉलमधले एक मिनिट पुरे. रेफरीला आधी सांगून ठेवा. सुरुवातीची आणि शेवटची शिट्टी त्याची असावी, माइकवाल्याची नव्हे. निवेदकाला जो कागद द्याल त्यावर सरांनी दोन्ही क्लबांत किती वर्षे काढली तेवढेच लिहा. ‘मूळचे आमचे’, ‘खरे घडवले ते आम्हीच’ असले काही नको. तेवढ्या एका ‘मूळचे’वरून हाणामारी होऊ शकते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काळ्या फिती दोन्ही संघांना एकाच पिशवीतून द्या.

आता त्या तिसऱ्या गटाचा वेगळा सामना. तो प्रस्ताव बैठकीत पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवा. आपल्या गोव्यात माणूस गेला की पहिला वाद पेपरातल्या जाहिरातीवरून होतो, ‘शोकाकुल’ खाली कुणाचे नाव आधी. दोन भावांनी एकाच बापाच्या दोन वेगळ्या जाहिराती, दोन वेगळ्या फोटोंसह, एकाच पानावर दिलेल्या मी पाहिल्या आहेत. वाचणाऱ्याला त्या बापाविषयी काही कळत नाही, भावांविषयी सगळे कळते. तुमचे दोन सामने एकाच दिवशी झाले तर तेच होईल, आणि त्या मुलीला कुठल्या मैदानावर बसायचे ते निवडावे लागेल. पुढच्या वर्षी तुम्हाला सामना घ्यायचा असेल तर जरूर घ्या, त्यांना बोलवा. आलटून-पालटून घेतलात तर उत्तमच. आणि खेळायचे ते जिंकायला. मिळमिळीत मैत्रीपूर्ण सामना, ज्यात पन्नाशीचा फॉरवर्ड पोट सांभाळत गोल मारतो आणि गोलकीपर सौजन्याने बाजूला होतो, तसा नको. ढिला पास दिला की सर शिट्टी फेकून मारायचे, असे तुम्हीच लिहिले आहे.

घरच्यांना अजून कुणी विचारलेले दिसत नाही. तुमच्या पत्रात शेजारच्या क्लबने तारीख ठरवली आहे, तुमच्या क्लबने ठराव मांडले आहेत, आणि थिवीच्या त्या घराचा उल्लेख फक्त पत्ता म्हणून येतो. सर ख्रिस्ती होते. फोटोला हार घालायचा, समई लावायची की मेणबत्ती, पाद्रींना बोलवायचे का, हे त्या बाईंनी सांगायचे. त्यांना सामनाच नको असेल, तर तेही त्यांनीच सांगायचे, आणि मग दोन्ही क्लबांनी गप्प बसायचे. गावोगावच्या ज्या कमिट्या हे वाचत असतील त्यांनाही माझे हेच सांगणे आहे. नावाचा चषक, बॅनर, मैदानाला नाव, यांतले काहीही ठरवण्याआधी एकदा त्या घरी जाऊन या. लोक हे सगळ्यात शेवटी करतात, हातात छापलेली पत्रिका घेऊन.

फोटोचे उत्तर सोपे आहे, त्यावर बैठक खर्ची घालू नका. लावा. खाली नाव आणि १९९४–२०१३ एवढेच. ज्या वर्षांत जे झाले ते झाले. नंतर राग आला म्हणून त्या वर्षांतले चषक तुम्ही कपाटातून काढलेले नाहीत, मग ते आणणारा माणूस भिंतीवर का नको?

आता तुमचे स्वतःचे. तुम्ही सगळे पत्र क्लबच्या नावाने लिहिले आहे, पण शेवटी एक ओळ आहे: ‘सरांनी त्या दिवशी एकदाच मागे वळून पाहिले होते.’ मला वाटते, तुम्ही मला निष्ठेविषयी विचारायला लिहिलेलेच नाही. त्या पाहण्याविषयी लिहिले आहे. बारा वर्षांत थिवी काही लांब नव्हती, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ते रोज स्वतःला सांगत असणार.

एक विनंती: स्मरणाच्या सामन्यात माइक हातात घेऊन माफी मागू नका. मोह होईल. लोक हळवे होतील, टाळ्याही पडतील, आणि सरांचा दिवस तुमचा होऊन जाईल. त्याऐवजी सामन्याआधी थिवीला जा. सचिव म्हणून नव्हे, आणि चार जणांना गाडीत घालून नव्हे. पण जायच्या आधी २०१२-१३ ची वही शोधा. खजिनदार बदलले असतील, वही कुणाच्या तरी माळ्यावर असेल, वाळवी लागली असेल, तरी शोधा. मानधन किती महिन्यांचे राहिले होते तो आकडा काढा, कमिटीपुढे ठेवा आणि पैसे जमवा. आज क्लबकडे तेवढे नसतील तर ज्यांना त्यांनी शिकवले त्या प्रत्येकाकडून थोडे थोडे घ्या. देणगी म्हणून देऊ नका, थकबाकी म्हणून द्या, पावतीवर तसे लिहून. बाई घेणार नाहीत कदाचित. नको म्हणाल्या तर आग्रह एकदाच करा, आणि मुलीला विचारा की त्यांच्या नावाने कुठल्या पोरांना बूट दिलेले चालतील.

रविवारी जाऊ नका, त्या घरी चर्चमध्ये मीसला जायची घाई असेल. शनिवारी दुपारी चारनंतर जा. त्या सामन्याचा विषय त्यांनी काढला तर बोला, नाही काढला तर तुम्हीही काढू नका. चहा येईल, तो घ्या.